फ ला प म्हणणारी मॅडम

दोष वामनरावांचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्या घरात ते अजून कोणी मोठ्याने म्हटलेलं नाही. त्या घरात दोष द्यायचा झाला की मुलाला द्यायचा, अशी पद्धत आहे. आणि मुलगा ऋषी म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून उठून आलेला, दोष टांगायला आयती खुंटी.

वामनराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी इंग्रजीत नोटिंग लिहिलं. त्या नोटिंगने देशाचं काय भलं झालं ते कोणाला ठाऊक नाही (कचेरी अजून उभी आहे, एवढं खरं), पण त्यामुळे वामनरावांना इंग्रजी येतं हा समज पक्का झाला. हा समज नागपुरात नंदनवनमधल्या त्यांच्या गल्लीत एकाच माणसाचा होता, पण तो माणूस मोठ्या आवाजाचा होता. ते दुकानांच्या पाट्या दुरुस्त करायला सांगत. डॉक्टरच्या चिठ्ठीतलं स्पेलिंग तपासत. ब्लाऊज हे अनेकवचन असून एक असेल तर ‘ब्लाऊ’ म्हणावं, असं त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे सुमतीबाईंना, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. सुमतीबाईंनी तेव्हापासून त्यांच्याशी कपड्यांवर बोलणं सोडलं.

अशा माणसाचा मुलगा ब्लाऊज शिवायला लागला, हा नियतीचा विनोद नव्हे. तो नत्थू मास्तरांचा गुण. कॉलेज सोडल्यावर ऋषी दोन वर्षं नत्थू मास्तरांच्या दुकानात कटिंग शिकला. मास्तर मापातला सूतभर फरक नुसत्या डोळ्यांनी सांगायचे. ऋषीला पहिल्यांदाच कळलं की आपल्या हाताला काहीतरी नेमकं करता येतं. कापडावर खडूची रेघ ओढली की त्याचं डोकं शांत व्हायचं, पंख्याचा आवाज लांब जायचा, आणि कात्री पाण्यात होडी जावी तशी कापडातून जायची. कॉलेजात ड्रॉइंगच्या शीटवर त्याची एक रेघ कधी सरळ आली नव्हती. पण ड्रॉइंगची शीट अंगावर कोण घालतं?

आता सदरमधल्या एका बुटीकमध्ये कटिंग मास्तरची जागा रिकामी होती. ऋषी तिथे जाऊन आला आणि आला तो अर्धाच आला. अर्धा तिथेच राहिला, पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीशी. त्या खिडकीजवळ कटिंगचं टेबल होतं, टेबलाला लागून एक खुर्ची होती, आणि खुर्चीच्या समोर अबोली नावाची मुलगी मान खाली घालून आरीवर्कचं भरतकाम करत बसली होती. ऑक्टोबरचं ऊन तिच्या रिंगणावरच्या कापडावर पडलं होतं आणि सुई वर आली की एकेक ठिणगी उडत होती. अबोलीने वर पाहिलंही नाही. ऋषीने मात्र तेवढ्यात दोघांचा संसार मांडून, दोन मुलांना शाळेत घालून, पुन्हा खाली उतरून स्कूटर सुरू केली.

बुटीकच्या मालकीण कामिनी मॅडम. त्यांनी परीक्षा म्हणून मोरपंखी रंगाचं कापड दिलं, सोबत मापाला आपला एक जुना ब्लाऊज दिला, आणि सांगितलं, “माझाच शिवून आणा. बसला, तर दिवाळीच्या सीझनला या खुर्चीत तुम्ही.”

नंबर लिहून द्यायची वेळ आली तेव्हा ऋषीने वामनरावांचा दिला. का? कारण वामनरावांचा तसा हुकूम होता. “नोकरीच्या ठिकाणी बापाचा नंबर द्यावा. वजन पडते.”

वजन पडायलाच हवं होतं. दिवाळीपर्यंत काम लागलं नाही तर ऋषीने सावनेरला रुपरावमामाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जाऊन राहायचं, असं वामनरावांनी ठरवून टाकलं होतं. तसं मामाला कळवूनही झालं होतं. ऋषीला मात्र नव्हतं, त्याला ते मामाकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. ऋषी दोरा आणायला गेला होता. वामनराव आरामखुर्चीत पेपरमधल्या चुका काढत होते.

“हॅलो, ऋषी आहे का? मी सदरवरून कामिनी बोलते.”

“मी त्याचा फादर बोलून राहिलो. रिटायर्ड.”

“हो का, काका, नमस्कार. त्याला सांगा, मी दिलेल्या मापाच्या ब्लाऊजवर जाऊ नको म्हणा. तो फार जुना आहे. मला प्रिसाइज पाहिजे. एकदम प्रिसाइज. म्हणून त्याने—”

“समजलं, समजलं,” असं म्हणून वामनरावांनी फोन ठेवला. मुद्दा समजला की फोन ठेवायचा, ही त्यांची जुनी शिस्त. मुद्दा पूर्ण व्हायची वाट पाहणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. (त्या अर्ध्या वाक्यात “उद्या येऊन नवीन माप घेऊन जावं” एवढंच होतं. ते सदरमध्येच राहिलं.)

मग वामनराव विचारात पडले. प्रिसाइज? बत्तीस वर्षांच्या नोटिंगमध्ये हा शब्द त्यांना भेटला नव्हता. आणि जो शब्द वामनरावांना भेटला नाही, तो इंग्रजीत नाही. म्हणजे बाईचीच काहीतरी चूक. दोन मिनिटांत त्यांनी निदान केलं. बिचारी फ ला प म्हणते! लहानपणी कोणी कान पिळला नसेल. त्यांनी कागद घेतला, वर तारीख घातली, डाव्या बाजूला समास सोडला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘मॅडमचा निरोप. दिलेल्या मापावर जाऊ नये. फ्री साइज पाहिजे. एकदम फ्री साइज.’ खाली सही केली.

ऋषीने आल्यावर तो कागद तीनदा वाचला.

“बाबा, ब्लाऊज फ्री साइज कसा राहीन?”

“नाइटी नाही राहत का फ्री साइज? तुह्या आईची आहे.”

“नाइटीची गोष्ट निराळी. ब्लाऊज मापाचाच राहते. मी फोन करून विचारतो न मॅडमले.”

“विचारणार काय, त्यायले फ म्हणता येत नाही म्हणून? अपमान करतं का बाईचा?” वामनरावांनी चष्मा काढला. चष्मा काढला की भाषण येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. “पहिल्याच कामात शंका विचारशीन तर ते म्हणन, याले काही येत नाही. कॉलेजातही तू असाच शंका विचारत बसला, अन् झालं काय?”

कॉलेजात ऋषीने एकही शंका विचारली नव्हती. सगळी गडबड तिथेच झाली होती. पण ते बोलून उपयोग नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर तोही घाबरला होता. कॉलेज सोडून आलेल्या मुलाला प्रत्येक प्रश्न हा आपल्या मार्कशीटबद्दलच वाटतो. त्याने फोन केला नाही.

सुमतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ऋषी, तू फोन कर. तुह्या बाबाले ऐकू कमी अन् समजते जास्त.”

“तू गप वं,” वामनराव म्हणाले. “ब्लाऊचं तुले काय समजते?”

सुमतीबाईंनी कणीक तिंबायला घेतली. चाळीस वर्षं ब्लाऊज घालणाऱ्या बाईला त्यातलं काय समजणार!

दुपार उतरली. ऋषी कापड पसरून बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धुळीचे कण सावकाश फिरत होते, आणि ते मोरपंखी कापड फुटाळा तलावाच्या पाण्यासारखं दिसत होतं, संध्याकाळी वारा पडल्यावर दिसतं तसं. फ्री साइज. तो शब्द त्याने तोंडात घोळवला. सुरुवातीला मूर्खपणाचा वाटला, मग हळूहळू गोड लागायला लागला. नत्थू मास्तरांनी शिकवलेलं सगळं शिवण म्हणजे बाईला मापात बसवणं. इथे आवळ, तिथे टक्स घाल, श्वास घेशील तर हूक तुटेल. आणि असा ब्लाऊज असला, की जो बाईची वाट बघतो? जो म्हणतो, बाई, तू ये, मी बघतो माझं काय करायचं ते?

त्याला ती खुर्ची दिसली. खुर्चीत तो स्वतः दिसला. समोर अबोलीने मान वर केली आणि ती म्हणाली, “तुम्हीच का तो ब्लाऊज केला?” तो नुसता हसला. खाली सदरच्या रस्त्यावर बायकांची रांग लागली होती, बारीक, जाड, उंच, बुटक्या, म्हाताऱ्या, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच मोरपंखी ब्लाऊज होता आणि सगळ्यांना नीट श्वास येत होता. वर आकाशात दोन-तीन हूक उडत होते. (त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.)

मग कात्री चालली. दोन दिवस चालली. त्याने दोन्ही बाजूंच्या शिलाया मोकळ्या सोडल्या आणि तिथे आतून पंख्यासारख्या बारीक चुण्या घातल्या. चुण्यांवरून दोन्हीकडे काजं केली, एकेक हाताने, आणि त्यातून डोरी ओवली. पाठीवरही तसंच. डोरी ओढली की चुण्या मिटत, सैल सोडली की उघडत, आणि मधे कुठेही अंग दिसत नसे. बाहीच्या मुंढ्यात, काखेशी, जादा कापडाची कळी घातली. असा ब्लाऊज नागपुरात कोणी शिवला नव्हता, कारण असा कोणी मागितलाच नव्हता. कामिनी मॅडमनीसुद्धा नाही.

आईला घालून पाहिला, बसला. पण सुमतीबाई म्हणजे काडी. खरी कसोटी शेजारच्या रुखमाबाई. रुखमाबाईंचं माप घ्यायला नत्थू मास्तर टेप दोनदा लावत आणि मधे खडूने खूण करत. त्या आतल्या खोलीत गेल्या, सुमतीबाईंनी डोऱ्या सोडल्या, बांधल्या.  मग आतून रडण्याचा आवाज आला.

“काय झालं वं? टोचते का?” सुमतीबाईंनी विचारलं.

“नाही बाप्पा,” रुखमाबाई नाक ओढत म्हणाल्या. “माहं लग्न झालं तवापासून ब्लाऊजमधी पहिल्यांदा श्वास घेतला मी.”

आणि त्या तशाच निघाल्या. ब्लाऊजसकट. त्यांना भजनाला जायचं होतं.

“काकू, ब्लाऊज!” ऋषी फाटकापर्यंत धावला.

“आणून देतो न गा! पळून जाऊन राहिली का मी?”

त्या दिवशी गल्लीच्या देवळात भजनाचा एक आवाज बाकी सगळ्यांच्या वर लागला होता. ब्लाऊज दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, तोही सुमतीबाईंनी दोनदा जाऊन मागितला तेव्हा. त्याला उदबत्तीचा वास येत होता. ऋषीने इस्त्री केली, कागदात गुंडाळला, आणि स्कूटर काढली तर मागच्या सीटवर वामनराव आधीच बसलेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

“तुम्ही कायले?”

“बोलाचालीले कोणी पाहिजे न. इंग्रजीत विषय निघाला तर?”

इंग्रजीत विषय निघाला.

बुटीकमध्ये दोन गिऱ्हाईक बायका ट्रायलसाठी बसल्या होत्या. खिडकीशी अबोली होती, ऊन होतं, खुर्ची रिकामी होती. कामिनी मॅडमनी कागद उघडला, ब्लाऊज वर धरला. डोऱ्या खाली लोंबल्या. मॅडमचा चेहराही.

“हे काय आहे?”

“फ्री साइज,” वामनराव पुढे होऊन म्हणाले. “ॲज पर युवर टेलिफोन.”

“काका, मी प्रिसाइज म्हटलं होतं.”

“तेच तर. फ्री साइज.”

“प्रिसाइज!”

“मॅडम, आपण दोघं एकच म्हणून राहिलो. मी फक्त उच्चार शुद्ध करून राहिलो.”

ऋषीला मात्र पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. प्रिसाइज. हा शब्द तो ओळखत होता. ड्रॉइंगच्या प्रोफेसरांनी तीन वर्षं याच शब्दाने त्याला झोडपलं होतं. बी प्रिसाइज, ऋषी. मिलिमीटरचा फरक म्हणजे पूल पडला, ऋषी. नेमकं, काटेकोर, तंतोतंत. त्याच्या हातातून त्या शब्दाने एकदा कॉलेज काढून घेतलं होतं, आता खुर्ची काढून घ्यायला आला होता. येताना बापाबरोबर मागच्या सीटवर बसून आला होता.

“मॅडम,” तो कसाबसा म्हणाला, “निरोप चुकीचा पोचला. पण एकदा घालून तर पाहा. प्लीज.”

कामिनी मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग काय वाटलं कोणास ठाऊक, ट्रायल रूममध्ये गेल्या. पडदा हलला.  अबोलीने सुई थांबवली. पहिल्यांदाच.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा हळू चालत होत्या. त्यांनी आरशात पाहिलं. डावा हात वर केला, उजवा केला. डोरी थोडी ओढली, थोडी सोडली. मान वळवून पाठ पाहिली. एक दीर्घ श्वास घेतला आणि सोडला, आणि त्यांच्या कपाळावरची एक आठी, बहुतेक बरीच जुनी, उतरली.

“अबोली, बघ ना,” त्या म्हणाल्या. “असं माप मला कधी कुणी दिलंच नव्हतं. हे तर... हे प्रिसाइज आहे.”

गिऱ्हाईक बायका उठून जवळ आल्या. एकीने काजं मोजली, दुसरीने विचारलं, “मला मिळेल का असा?” खिडकीतलं ऊन खुर्चीवरून सरकून ऋषीच्या पायाशी आलं. त्याला वाटलं, आता बसावं. अबोली त्याच्याकडे बघून हसली. खरंच हसली, स्वप्नात नव्हे.

“सोमवारपासून या,” मॅडम म्हणाल्या. “सीझनला असे पन्नास—”

“पण प्रिसाइज असा शब्द नाही,” वामनराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस जिंकलेला होता. मुलाला नोकरी लागलेली होती. सोमवारपर्यंत फक्त तोंड मिटून राहायचं होतं. पण बत्तीस वर्षांचं नोटिंग असं तोंड मिटून राहत नाही.

“आहे ना काका,” अबोली हसत म्हणाली आणि तिने मोबाइल पुढे केला. “हा बघा. ऐका.” मोबाइलमधली बाई म्हणाली, प्रिसाइज.

“अमेरिकन उच्चार आहे हा,” वामनराव म्हणाले. मग त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा सारखा केला, आणि एकेक अक्षर वाचायला लागले. “पी, आर, ई, सी, आय, एस...” त्यांचा चेहरा एकदम उजळला. कचेरीत जुनी फाइल सापडल्यावर उजळायचा तसा. “अरे! हे तर प्रेसी! शेवटचा ई सायलेंट. प्रेसी रायटिंग! डिपार्टमेंटल परीक्षेत माहे पैकीच्या पैकी मार्क आहेत. प्रेसी म्हणजे सारांश. मोठ्या मजकुराचा थोडक्यात गोषवारा.” ते मॅडमकडे वळले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सॉरी मॅडम, चूक आमची. तुम्हाला थोडक्यात ब्लाऊ पाहिजे होता.”

 एका गिऱ्हाईक बाईने पदर सावरला.

“काय पाहिजे होता?” कामिनी मॅडमनी विचारलं.

“थोडक्यात. हल्ली घालतात तसा. एक-तृतीयांश.” वामनरावांनी हाताने दाखवलंही. (प्रेसीचा नियमच तो. मूळ मजकुराच्या एक-तृतीयांश.) “काही हरकत नाही मॅडम, ज्याची त्याची आवड. वयाचा प्रश्न नाही. पोरगा आठ दिवसांत कापून देईन.”

“बाबा!” ऋषी म्हणाला, पण बाबा मार्कांबद्दल सांगत होते.

पुढचं फार लवकर झालं. मॅडम पडद्यामागे गेल्या आणि आपल्या कपड्यांत परत आल्या. मोरपंखी ब्लाऊज कागदात न गुंडाळताच ऋषीच्या हातात पडला. “कापड तुमच्याकडेच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आणि काकांना सांभाळून न्या. जिना अरुंद आहे.”

जिना उतरताना वामनराव म्हणाले, “बाईचं इंग्रजी कच्चंच आहे. तुह्यासाठी मी किती समजावून सांगतलं.”

 ऋषी स्कूटरशी नुसता उभा होता, तेवढ्यात वरून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. त्याने मागे वळून पाहिलं. अबोली. दम लागलेला, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, मागे सदरची सगळी रहदारी जणू थांबलेली. संसार, दोन मुलं, शाळा, सगळं एका झटक्यात परत आलं. हातात तिने काहीतरी घट्ट धरलं होतं. ती त्याच्यापाशी येऊन थांबली.

“दादा,” ती म्हणाली, “काकांचा चष्म्याचा डबा राहिला वर.”

मोरपंखी ब्लाऊज रुखमाबाईंनी नेला. एकादशीला, चतुर्थीला आणि हळदीकुंकवाला तोच असतो. गल्लीत सगळ्यांत सुखी बाई कोण, असं कोणी विचारलं तर सांगायला सोपं झालंय.

ऋषी दिवाळीनंतर सावनेरला गेला. रुपरावमामाच्या जिनिंगमध्ये तो सरकीच्या पोत्यांची तोंडं दाभणाने शिवतो. मामा म्हणतो, पोरगा पोतं शिवते पण टाका पाहा, जसा मशीनचा. वामनराव पाहुण्यांना सांगतात की मुलगा टेक्स्टाइलमध्ये आहे.

ऋषीची सदरची नोकरी गेली. ती दीड मिनिट होती.